कागदबंदी आणि जेवणाचं टेबल

मानवजातीने कागदाचा शोध लावला त्या दिवसापासून तिची जी फरफट सुरू झाली, ती थांबवण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी होती. ती मी घेतली. त्यामागे निसर्गाविषयी तळमळ होती, काळाची पावलं ओळखणारी दृष्टी होती, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर माझ्या मेव्हण्याचा डोळा होता.

हे टेबल सहा माणसांचं आहे असं दुकानदाराने विकताना सांगितलं होतं. ते पडताळून पाहायची संधी आम्हाला मिळाली नाही. टेबल घरात आलं त्याच आठवड्यात मी ऑफिसातल्या कागदांचा एक गठ्ठा 'तात्पुरता' त्यावर ठेवला. त्या गठ्ठ्याला सोबत म्हणून दुसरा आला. पुढे पुढे तर त्यांचं कुटुंबच वाढलं. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि मुलगी, सोफ्यावर ओळीने बसून मांडीवर ताट घेऊन जेवायला शिकलो. बसच्या थांब्यावर बसलेली माणसं जशी एकमेकांकडे न बघता समोर बघत असतात, तसे.

मी वजनकाटे तयार करणाऱ्या कंपनीत नियोजन विभागाचा प्रमुख आहे. नियोजन म्हणजे पुढच्या वर्षी काय होणार हे एका कागदावर लिहायचं, आणि वर्ष संपलं की ते का झालं नाही हे दुसऱ्या कागदावर लिहायचं. हे दोन्ही कागद जपून ठेवावे लागतात. का, हे मला कधी कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. हुद्द्याला शोभत नाही.

एके दिवशी बायको म्हणाली, "दादाचा फोन होता. त्याला मोठं टेबल हवंय. मी म्हटलं, आमच्याकडे एक असल्याचं ऐकून आहे."

"म्हणजे? देणार आहेस की काय?"

"महिनाअखेरीला तो टेम्पो घेऊन येतोय. तोवर टेबल मोकळं झालं तर आपलं, नाही झालं तर त्याचं. कागद जमिनीवर ठेवा, माझी हरकत नाही. फक्त मग आपण चालायचं कुठून ते नियोजन करून सांगा."

माझ्या मेव्हण्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. त्याने आमच्याकडून आजवर शिडी, इस्त्री आणि गादी नेली आहे. या तिन्ही वस्तू त्याच्या घरी सुखात आहेत. पण टेबल म्हणजे अब्रूचा प्रश्न होता.

मार्ग मुलीने काढला. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, तुझ्यासारख्या लोकांसाठी एक वस्तू निघालीय. मोठ्या पडद्याचा ई-पेपर रीडर. पानभर मोठा. सगळे कागद त्यात मावतात."

"माझ्यासारखे म्हणजे?"

"'कामात व्यग्र व्यावसायिकांसाठी' असं लिहिलंय. ते कोण ते मला माहीत नाही. पण फोटोतल्या माणसाचं पोट तुझ्यासारखंच आहे."

मी फोटो पाहिला. विमानाच्या खिडकीशी एक गृहस्थ बसले होते आणि हातातल्या पातळ पाटीवरचा विक्रीचा तक्ता बघून हसत होते. विक्रीचा तक्ता बघून हसलेला माणूस मी आख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. खाली लिहिलं होतं, 'अगदी कागदासारखा! डोळ्यांना त्रास नाही. वीज संपली तरी समोरचं पान जसंच्या तसं!' ही तीनही वाक्यं खरी निघाली. आमचं सगळं नुकसान या खरेपणाने झालं.

वस्तू ऑफिसतर्फे घ्यायची असं ठरवून मी अर्ज केला. कागद वाचवणाऱ्या वस्तूसाठीचा अर्ज तीन प्रतींत लागतो, आणि प्रत्येक प्रतीला ती वस्तू का हवी याचं एक टिपण जोडावं लागतं. टिपणात मी कागदाच्या अपव्ययाबद्दल फार पोटतिडकीने लिहिलं. लिहिता लिहिता दोन पुरवण्या लागल्या.

खरेदी अधिकारी म्हणजे आमच्या कंपनीतलं अवघड वळण. ते चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "हे यंत्र आहे की लेखनसाहित्य?"

"काय फरक पडतो?"

"यंत्र असेल तर ते बसवायच्या पायाचा नकाशा लागेल. तेल घालण्याचं वेळापत्रक लागेल. आणि चालकाचे सैल कपडे त्यात अडकणार नाहीत असं सुरक्षा विभागाचं पत्र."

"आणि लेखनसाहित्य असेल तर?"

"तर काही नाही. कागद म्हणून नोंद होईल. इलेक्ट्रॉनिक का असेना, शेवटी पेपरच म्हणताय ना तुम्ही त्याला?"

मी म्हटलं, कागद तर कागद. माणूस घाईत असला की असे निर्णय घेतो आणि त्यांना व्यवहारचातुर्य म्हणतो.

रीडर आला. आमच्याकडे आलेली प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढते, कारण काटे बनवणाऱ्या कंपनीने न तोलता काही आत घेतलं तर जगाचा विश्वास कशावर बसेल? कागद तर आमच्याकडे मोजून घेतच नाहीत, तोलूनच घेतात. तेव्हा जगातल्या त्या अत्याधुनिक वस्तूची नोंद 'कागद, जाड, अर्ध्या किलोच्या आत' अशी झाली. तिथून ती आवक विभागात गेली. तिथले कारकून 'ठप्पेसाहेब' या नावाने प्रसिद्ध आहेत. टेबलावर जे येईल त्यावर 'प्राप्त' असा जांभळा शिक्का मारल्याशिवाय त्यांचा हात राहत नाही. एकदा एका पाहुण्याने त्यांच्या टेबलावर टेकवलेल्या कोपरावर 'प्राप्त' उमटलं होतं. मी धावत पोचलो तेव्हा शिक्का हवेत होता.

"अहो थांबा! पडदा आहे तो!"

"नोंदीत कागद आहे."

"कागद आहे, पण... निदान मागच्या बाजूला मारा."

"कागदाला मागची बाजू असते हे तुम्ही कबूल करताय ना?" त्यांनी शांतपणे रीडर उलटा केला आणि त्याच्या चकचकीत पाठीवर असा काही ठप्पा हाणला की शेजारच्या विभागातली माणसं उठून उभी राहिली.

घरी आल्यावर बायकोने त्याला पहिल्याच नजरेत 'पाटी' म्हटलं आणि तेच नाव पडलं. पुढचे काही दिवस मुलगी टेबलावरचा एकेक कागद फोनने टिपून पाटीत भरत होती. फोनमधली जागा भरली की ती तिथले फोटो पुसून टाकायची आणि पुढचा गठ्ठा घ्यायची. "आता सगळं फक्त पाटीत आहे बाबा, सांभाळून," असं ती म्हणाल्याचं मला आठवतं. तेव्हा मी टेबलाचा एक कोपरा अनेक वर्षांनी उघडा पडला होता त्याकडे बघत होतो. लाकडाचा रंग आमच्या आठवणीतल्यापेक्षा उजळ होता.

महिनाअखेरीच्या आत रद्दीवाला आला. त्याचा काटा आमच्याच कंपनीचा निघाला. अभिमानाने माझी छाती फुगली. बायकोने काट्यावरचा आकडा पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपल्याकडे एक आख्खा पाहुणा राहत होता. आणि चांगला जाडजूड."

त्या दिवशी आम्ही टेबलावर जेवलो. आधी कोणी कुठे बसायचं यावरून थोडा गोंधळ झाला, कारण कोणाची जागा ठरलेलीच नव्हती. मग तिघं तीन बाजूंना बसलो. मुलगी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, तू जेवताना असा दिसतोस?"

"कसा?"

"खूश."

बायकोने मीठ माझ्याकडे सरकवलं. ते टेबलावरून सर्रकन घसरत आलं. मी ते पुन्हा तिच्याकडे सरकवलं. तिने मुलीकडे सरकवलं. मिठाची गरज कोणालाच नव्हती. मग तिने दादाला फोन लावून टेम्पो आणू नकोस म्हणून सांगितलं. पण माझ्याकडे वळून बोट दाखवत म्हणाली, "एक कागद परत दिसू दे, मी स्वतः टेम्पो करून टेबल पोचवीन."

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. काका निवृत्त आहेत आणि आता इतरांच्या वस्तूंची काळजी घेतात. पाटी पाहून ते म्हणाले, "वा! पान उलटायला थुंकी लावायची की कोरडं बोट चालतं?" मग त्यांनी सल्ले दिले. पाटी उन्हात धरू नये, दमट हवेत ठेवू नये, उभी ठेवली तर अक्षरं खाली घसरतात, आणि वर्तमानपत्र वाचायला ती त्यांना द्यावी. शेवटचा सल्ला त्यांनी स्वतःच अमलात आणला. परत आली तेव्हा त्यातलं शब्दकोडं पूर्ण सुटलेलं होतं. बॉलपेनने. पडद्यावर.

"अहो काका, हे पेनने लिहायचं नसतं! त्याची वेगळी कांडी असते!"

"मग इतकं कागदासारखं दिसायचं कशाला?" काका रागावले. "फसवणूक आहे ही! आणि आडवं सातवं अडलंय, तुला येतंय का बघ."

मी स्पिरिटच्या बोळ्याने पडदा पुसला. डाग गेला. यातून मी एवढाच धडा घेतला की पडद्यावर काही झालं तरी पुसता येतं. धडे घेण्याची माझी ही अशी पद्धत आहे.

टेबलाच्या विजयाने मी इतका चढलो होतो की ऑफिसात जाहीर करून बसलो, "यंदाची वार्षिक बैठक मी एकाही कागदाशिवाय घेऊन दाखवीन." सगळ्यांनी माना डोलावल्या. खरेदी अधिकारी फक्त म्हणाले, "चहाखाली काय ठेवणार मग?"

ही बैठक महत्त्वाची होती. मोठ्या साहेबांची ती शेवटची बैठक. त्यानंतर ते निवृत्त होऊन समुद्रकाठी राहायला जाणार होते, आणि तिथे कंपनीतून एक चिठ्ठीही येता कामा नये अशी त्यांची सक्त ताकीद होती. त्यांच्या कारकिर्दीचा शेवट साजरा व्हावा म्हणून मी ठराव तयार केला, 'आजपासून या कार्यालयात कागदाचा वापर पूर्णपणे बंद करण्यात येत आहे.' तो पाटीवर उघडायचा, साहेबांनी त्यावर पाटीच्याच कांडीने सही करायची, टाळ्या, चहा. नियोजन उत्तम होतं. माझं असूनही.

इथे मोठ्या साहेबांची एक सवय सांगायला हवी. आमच्याकडे काट्याचं नवं मॉडेल तयार झालं की पहिला नग साहेबांसमोर येतो आणि ते त्याच्या पारड्याच्या पत्र्यावर सही करतात. कंपनी सुरू झाल्यापासूनची रीत आहे. पत्र्यावर सही करायची म्हणून त्यांच्या खिशात कायम एकच पेन असतं. जाड, काळं, आणि पत्र्यावरून घासलं तरी न जाणारं.

मी ठराव वाचला. पाटी साहेबांपुढे ठेवली. कांडी अदबीने पुढे केली. साहेबांनी पाटी दोन्ही हातांनी उचलून तोलली, उलटी करून 'प्राप्त'चा ठप्पा पाहिला, पुन्हा सुलटी केली. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं हसू आलं.

"वा! नवीन मॉडेल?" ते म्हणाले. आणि मी 'अं' म्हणायच्या आत त्यांनी खिशातलं पेन काढून ठरावाखाली 'मंजूर' लिहिलं आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सही केली. खाली रेघ ओढली. रेघेखाली दोन टिंबं दिली.

विक्रीप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. ते कशालाही वाजवतात. मग सगळ्यांनीच वाजवल्या. साहेबांनी सगळ्यांचे हात हातात घेतले, डोळे पुसले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हलकं आहे. खपेल." आणि खाली उभ्या असलेल्या गाडीत बसून ते समुद्राकडे निघून गेले.

मी ठप्पेसाहेबांकडे स्पिरिट मागितलं.

"खबरदार!" कंपनीच्या वकीलबाई खुर्चीतून उठल्या. त्या बैठकीत सहसा बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचा आवाज ऐकून सगळे दचकले. "ती साहेबांची शेवटची सही आहे. आपल्या नोंदीनुसार ही वस्तू कागद आहे. सही केलेला कागद म्हणजे दस्तऐवज. दस्तऐवज पुसणं हा काय प्रकार आहे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"बरं, नाही पुसत. मी फक्त पुढचं पान..."

"हात लावू नका! पान बदललं तर साहेबांची सही तिथेच राहील आणि खाली मजकूर वेगळा येईल. तुमचा रजेचा अर्ज उघडलात तर तो मंजूर होईल!"

सगळे खुर्च्यांतून उठले. भीतीने उठले असं मला आधी वाटलं. मग विक्रीप्रमुख हळूच म्हणाले, "माझाही एक अर्ज होता, पाटीत भरता येईल का?" खरेदी अधिकारी म्हणाले, "रांगेने." एरवी नियमावर बोट ठेवून चालणारी ती माणसं पाटीकडे अशा नजरेने बघू लागली, की वकीलबाईंनी तिच्याभोवती चारी बाजूंनी खुर्च्या लावल्या.

तेवढ्यात मला एक गोष्ट आठवली. पाटीला काही वेळ हात लावला नाही की ती झोपते. झोपली की पान जातं आणि एक चित्र येतं. हे चित्र आपल्या आवडीचं लावता येतं. ते मुलीने तिच्या आवडीचं लावलं होतं.

"बाई," मी म्हटलं, "पान जाऊ द्यायचं नसेल तर मला तिला सारखं बोट लावावं लागेल."

"लावलंत तर पान उलटेल."

"नाही लावलं तर झोपेल."

"झोपली तर काय होतं?"

याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. पाटी झोपली. पडदा एकदा काळा झाला, एकदा पांढरा झाला, आणि त्यावर मी प्रकट झालो. आमच्या सोफ्यावर, बनियनमध्ये, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला मी. पोटावर उशी. त्याखाली जाड काळ्या अक्षरांत 'मंजूर', साहेबांची सही, रेघ आणि दोन टिंबं.

हसलं कोणीच नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. सगळे चष्मे लावून, वाकून, शांतपणे बघत होते. वकीलबाई म्हणाल्या, "कायद्याने हेही मंजूर झालंय."

"कार्यालयीन वेळेत का?" खरेदी अधिकाऱ्यांनी विचारलं.

शेवटी उपाय बाईंनीच काढला. जाहिरातीतलं वाक्य मी त्यांना म्हणून दाखवलं, की वीज संपली तरी समोरचं पान जसंच्या तसं. बाईंनी पर्समधून चष्म्याचे स्क्रू पिळायचं इवलंसं पेचकस काढलं आणि पाटी उलटी धरून पाठ उघडली. मी खालून, आरशात बघावं तसं बघत, बटण दाबून तिला जागं केलं. ठराव परत आला. "आता!" मी ओरडलो. बाईंनी बॅटरीची तार उपटली. ठरावाचं पान सहीसकट तिथेच थिजलं आणि ते आता कल्पांतापर्यंत हलणार नव्हतं. विक्रीप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या.

हजारो पानं मावणारी ती वस्तू अशा रीतीने एका पानाची झाली. ठप्पेसाहेबांनी तिला जावक क्रमांक दिला, दस्तऐवज विभागाने तिच्यासाठी दोरीची फाइल केली, आणि भोकं पाडता येत नाहीत म्हणून कडेला चिकटपट्टी लावली. ती बघायची असेल तर अर्ज करावा लागतो. बघता येते, हाताळता येत नाही.

प्रश्न उरला ठराव सगळ्या विभागांना कळवण्याचा. कागदबंदी झाल्याचं कळल्याशिवाय ती पाळायची कशी? तेव्हा पाटी झेरॉक्सच्या मशिनवर पालथी घातली आणि प्रत्येक माणसाला एकेक प्रत काढून दिली. शिवाय काही जादा काढल्या, कोणाच्या हरवल्या तर असाव्यात म्हणून. प्रती सुंदर आल्या. कागदाला शोभतील अशा.

घरी मी लांबच्या रस्त्याने निघालो. सहीची चिंता नव्हती, फोटोचीही नव्हती. सगळ्या ऑफिसने मला बनियनमध्ये पाहिल्यावर माणसाला एक प्रकारचं स्वातंत्र्य मिळतं. चिंता टेबलाची होती. माझे इतक्या वर्षांचे सगळे कागद पाटीत होते आणि पाटी कायमची एका पानावर थिजली होती. म्हणजे ते पुन्हा जमवावे लागणार होते. प्रत्येक विभागातून जुन्या नकला मागवायच्या, त्या घरी आणायच्या, कुठेतरी ठेवायच्या. कुठे, ते सांगायला नको. मेव्हण्याचा टेम्पो मला कोपऱ्या-कोपऱ्यावर दिसत होता.

ठरावाची माझी प्रत मी दाराबाहेर चपलांच्या मागे लपवली आणि आत गेलो. टेबलावर तीन ताटं मांडलेली होती. वरचे काकाही येऊन बसले होते, म्हणून चौथं मांडणं चाललं होतं. मी उभ्या उभ्या सगळी हकीकत सांगितली. फोटोपाशी मुलगी टेबलाखाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. काका म्हणाले, "मी सांगितलंच होतं, फसवणूक आहे."

"म्हणजे सगळे कागद गेले?" बायकोने विचारलं.

"गेले. आता मागवावे लागतील. उद्यापासून सुरुवात..."

"त्यांत काय काय होतं?"

मी तोंड उघडलं. नियोजन होतं. नियोजन का झालं नाही ते होतं. आणि त्याच्यावरचं... मी बराच वेळ आठवत राहिलो. ती शांतपणे चौथं ताट पुसत होती.

"आठवलं की मागवा," ती म्हणाली. "तोवर जेवून घ्या."

काकांनी मीठ माझ्याकडे सरकवलं. मी ते मुलीकडे सरकवलं.

त्याला आता वर्ष उलटून गेलं. त्यातला एकही कागद मला आजपर्यंत कोणी मागितलेला नाही.